ऑपरेशनच्या आधीचे चोवीस दिवस

५ जानेवारी २०१२, फुलचूर
नागपूरहून परत. जठरात गाठ. २९ला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, तोवर रोज पाऊण तास भरभर चाला, बिडी बंद, आणि हे तीन गोळ्यांचं यंत्र तोंडात धरून श्वास असा आत ओढा की आतल्या तिन्ही गोळ्या वर उचलल्या जातील. छातीत दम असला तर नंतर न्यूमोनियाचा धोका कमी.
म्हटलं, साहेब, कॉलेजात कबड्डी खेळलोय. ते हसले नाहीत.
उद्यापासून शेजारच्या मुर्री गावापर्यंत जाऊन परत. पहाटे पाच. पक्कं.

६ जानेवारी
धुकं. गाठवाल्या माणसानं थंडी खाऊ नये. उद्या डबल.

८ जानेवारी, सकाळी ७
निघालो. चौकातल्या टपरीपर्यंत. पाऊण तास पूर्ण. चालणं सहा मिनिटं, बाकी चहा. पण बाहेर होतो, हे महत्त्वाचं.
शामकलानं विचारलं, पूर्ण झालं का जी? हो म्हटलं. तिनं कॅलेंडरवर टिक केली. बायकोला टेन्शन कशाला?

१३ जानेवारी
तिन्ही गोळ्या वर! (यंत्र उलटं धरलं होतं.) सुलटं धरलं की एकच उठते, तीही अर्धी. पीस डिफेक्टिव्ह असणार.

१९ जानेवारी
शामकला म्हणे, मी बी येतो संगं, माया जीव घाबरून राहिला. म्हटलं, तुझे गुडघे बघ आधी.
टपरी. एक बिडी. शेवटची.
इथं लिहायला हरकत नाही. चालायला लागलं की ऑपरेशन खरं वाटतं. बसून राहिलं की वाटत नाही.

२८ जानेवारी, नागपूर
भरती झालो. शेजारच्या पलंगावर दरेकसाचे बिसराम. वय सत्तर, हेच ऑपरेशन, उद्याच. त्यांनी यंत्र ओढलं, तिन्ही गोळ्या वर. जंगलात राबलेली माणसं, त्यांचं वेगळं. माझं डोकं शांत आहे, तेच मुख्य.
जेवण गेलं नाही.

४ फेब्रुवारी
अक्षर वाईट, हातात सलाईन. गाठ निघाली. दुसऱ्याच दिवशी ताप, न्यूमोनिया. तीन दिवस आयसीयू. खोकलं की टाके फाटतील असं वाटतं. बिसराम वऱ्हांड्यात फेऱ्या मारून राहिले.
राउंडला शामकलानं सांगितलं, साहेब, यायनं एक बी दिवस खाडा नाही केला. डॉक्टर विचारात पडले. म्हणाले, मग फुफ्फुसात दुसरंच काही असेल, उद्या नळी घालून बघू.
तपासणी झालेली बरीच.

५ फेब्रुवारी, सकाळी ९
स्ट्रेचर आलं. शामकलानं त्याचा दांडा धरला, सोडेना. तिचे ते हात बघवेनात. सांगून टाकलं. मुर्रीला एकदाही गेलो नाही. बिडीही ओढली.
डॉक्टरांनी तपासणी थांबवली. म्हणाले, हे आधी सांगायचं असतं.
शामकला पाणी आणतो म्हणून गेली.

सकाळी ११
आली नाही. बघायला उठलो. दार बारा पावलांवर. पाचव्याला खाली बसलो. नर्सनं धरून परत आणलं. रागावून विचारलं, काका, कुठे चालले होते?
फिरायला, म्हटलं.