मावशींना उजेडात सोडायचं

अवसरी खुर्द. डिसेंबर, मंगळवार.

दिवे लागून गेले. मावशी मळ्यातल्या घरी पोचल्या की मिस्ड कॉल देतात. तो अजून आला नाही.

बाळाला सांभाळायला येऊन त्यांना वर्ष होत आलं, तरी सगळं तोंडीच चाललंय. म्हणून आज मी कॉलेजातून आल्या आल्या विषय काढला. पगारी सुट्ट्या, यात्रेची सुट्टी वेगळी, दवाखान्याचा खर्च आमचा. वर अपघात विमा, ही बाळाच्या बाबांची, संदीपची कल्पना. सांगताना स्वतःचंच कौतुक वाटत होतं, खोटं कशाला लिहू.

मावशींनी बाळाला खांद्यावर थोपटत सगळं ऐकून घेतलं. "सुट्ट्यांचं ऱ्हाऊ द्या, ताई. मला तेवढं उजेडात सोडत जा. वाटंला दोन्ही अंगांनी ऊस हाये, अन् परवाच तिथं बिबट्या दिसला."

मी घरी येते तीच अंधार पडल्यावर. संदीप चाकणहून त्याच्याही नंतर. आणि अंधारात बाळाला एकटं टाकून त्यांना घरी पोचवायला जाणार कोण?

आणि विमा कधी कामाला येणार? बिबट्या येऊन गेल्यावर.

दिवाळीला साडीबरोबर त्यांना मोठी बॅटरी द्यायचं मलाच सुचलं होतं. म्हणजे मला तेव्हाही कळत होतं.

मिस्ड कॉल नाहीच. संदीपला फोन केला तर म्हणाला, रेंज नसेल.

आत्ता वाजला मावशींचा. मी लगेच उलटा फोन लावून सांगून टाकलं, उद्यापासून उजेडातच निघत जा.

 मावशी म्हणाल्या, "अन् तुमी येईस्तोवर बाळापाशी कोण?"