लाल काडी

ओमाहा, गुरुवार, ९ ऑक्टोबर २००३

लाडक्या नुन्झियास,

तुझ्या थोरल्या बहिणीकडून, आगाताकडून, तुझ्या दोन्ही गालांचे मुके. मी बरी आहे. गुडघा सोडला तर बाकी सगळं आपापल्या जागेवर आहे. आईचे गुडघे आपल्या दोघींना वाटून मिळालेत, तेव्हा तुझाही दुखत असणार, नाही म्हणू नकोस. डेन्व्हरला थंडी पडली का? इथे अजून मागचं दार उघडं टाकून बसता येतं.

अक्षर बघून चक्रावली असशील. नाताळचं कार्ड यायचं ते सारोच्या हातचं, आणि मी विधवा झाल्यापासून माझ्या सुनेच्या हातचं. हे जे ओळ सोडून वर चढतंय आणि मधेच खाली घसरतंय, ते माझं. पानं पुष्कळ झालीत म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. म्हणजे गेलंय, पण माणूस नाही. आपण दोघी जिथे ताटं वाहायचो ते लोप्रेस्तो हॉटेल बंद होतंय. जुने मालक सॅम तर कधीच वारले, आता त्यांच्या मुलानं जागा विकली. पंचवीस तारखेला, शनिवारी, शेवटचं जेवण. त्या दिवशी साडेपाचला मी सात नंबरचं टेबल धरून ठेवलंय, दोघींसाठी. तू यावंस म्हणून हे पत्र. पण यायचं की नाही हे तू ठरवण्याआधी मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती पुढे सांगते. एकदम तिथेच उडी मारली तर माझा हात अडेल.

आधी बातम्या. गुरांचा बाजार उठून चार वर्षं झाली. आता दक्षिणेचा वारा आला तरी काही वास येत नाही. आपण लहानपणी नाक दाबायचो आणि बाबा म्हणायचे, दाबू नका, तोच वास आपल्याला जेवू घालतो. आता मी खिडकीत उभी राहून नाक वर करते तर नुसती हवा. कोपऱ्यावरची बेकरी आहे, पण पिझ्झा आता गोल करतात. मी त्या मुलीला म्हटलं, अगं, पत्र्याच्या मोठ्या तव्यात चौकोनी कर, कडेच्या तुकड्यांवरून भांडणं व्हायला हवीत. ती हसली. तिला वाटलं म्हातारी गंमत करते. शाळेशेजारचं ते बुटकं हॉटेल आठवतं, चिलीच्या तिखट रश्श्याच्या वाडग्याबरोबर दालचिनीचा गोड रोल द्यायचे ते? तू रोल आधी खायचीस आणि चिली मला ढकलायचीस. ते आहे. परवाच जाऊन आले, एकटीच. रोल आधी खाल्ला, तुझ्या नावानं.

तू म्हणशील, ही गुडघ्यावरून चिलीवर आली, मुद्द्यावर कधी येणार. येते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवसाला जीना, म्हणजे माझी नात, मला लोप्रेस्तोमध्ये घेऊन गेली. तुला ठाऊक आहे, तिथं काम करणाऱ्यांनी टेबलाला बसायचं नाही, स्वयंपाकघरात उभ्यानं खायचं, हा सॅममालकांचा नियम. मी तेहतीस वर्षं ताटं वाहिली, पण त्या लाल गादीवर कधी टेकले नव्हते. बसले तर काय मऊ गं. मी म्हटलं, म्हणून लोक उठायचे नाहीत होय. समोर मुळ्याचे आणि सेलरीचे तुकडे बर्फावर घालून आले, पूर्वीसारखेच. मी एकेक मोजत बसले की पूर्वीएवढे आहेत का. दोन कमी होते.

मग जीनानं जेवणाचं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, कार्ड कशाला, मला पाठ आहे. वाढणाऱ्या पोरीला मी कांद्यातली कलेजी सांगितली. ती म्हणाली, आजी, कलेजी बंद होऊन दहा वर्षं झाली, कार्डात बघा ना, दुसरं काय आवडतं ते. आता बघणं भाग होतं. मी कार्ड उघडलं, डोळे बारीक केले, बोट फिरवलं. जीनानं हात पुढे केला आणि माझ्या हातातलं कार्ड उलटं होतं ते सुलटं केलं. पोरीला म्हणाली, आम्हा दोघींना एकसारखेच स्टेक दे. मग आइस्क्रीम येईपर्यंत तिच्या मांजरीबद्दल बोलत राहिली.

गाडीत बसल्यावर तिनं किल्ली फिरवलीच नाही. म्हणाली, "आजी, किती वर्षं?"

मी म्हटलं, "सगळी."

हे लिहून झालं आणि मी उठून कॉफी केली. आता पुन्हा बसलेय. हो नुन्झिया, तुझ्या ताईला वाचता येत नव्हतं. ना इथलं, ना तिकडचं. बाबा सगळ्यांना सांगायचे की आगाता तिकडे गावी, कार्लेंतिनीला, नन्सच्या शाळेत शिकली. मी शाळेच्या भिंतीपलीकडे संत्री वेचत होते. आपण बोटीनं आलो तेव्हा मी चौदा वर्षांची आणि तू सात. तुला शाळेत घातलं, मला कपबशा विसळायला. तुला कसं कळणार? घरात पत्र आलं की माझा चष्मा हरवलेला असायचा. तू सोळा वर्षांची असताना मी तुझ्याकडून लोप्रेस्तोचं अख्खं कार्ड तीनदा मोठ्यानं वाचून घेतलं, आठवतं? म्हटलं, बघू तुझं इंग्रजी कसं झालंय. तू काय ऐटीत वाचत होतीस. मी पाठ करत होते.

आणि त्यावर माझं नाव झालं बघ. आगाता कागद-पेन्सिल घेत नाही, सोळा जणांचं डोक्यात ठेवते. गिऱ्हाइकं पाहुण्यांना माझी गंमत दाखवायला आणायची. मी आत जाऊन मोठ्यानं सांगायची, आचारी वेन्सेल भाजायचा, आणि प्रत्येक स्टेकला ती प्लास्टिकची काडी टोचायचा, टोकाला इवलीशी गाय असलेली. काडीवर लिहिलेलं असायचं कुठला कच्चट, कुठला पूर्ण भाजलेला. मी कशाला वाचतेय. मी रंग बघायची. लाल म्हणजे आतून कच्चा, तपकिरी म्हणजे पूर्ण भाजलेला. सात वर्षं एकदाही चुकले नाही.

आता तो शनिवार. तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, तरी मला लिहू दे. चौसष्ट सालचा मार्च. ग्रँड आयलंडचे ते गुरांचे व्यापारी, त्यांच्यासोबत आणखी सात माणसं, त्यांच्या आईचा ऐंशीवा वाढदिवस. म्हातारीनं मला जवळ बोलावून सांगितलं होतं की बाई, माझे दात विकतचे आहेत आणि मला रक्त बघवत नाही, अगदी कोळसा होऊ दे. त्या आठवड्यात काड्यांचा नवा खोका आला होता, दुसऱ्या कारखान्याचा. गायी तशाच, रंगांचा अर्थ उलटा. ज्याला वाचता येतं त्याला काय फरक पडतो?

आठ ताटं मांडली होती, प्रत्येकाशेजारी स्पॅगेटीची बशी. चार तुझी, चार माझी. तू म्हणालीस, "ताई, ही लाल काडी आजीबाईंची ना? हिच्यावर पूर्ण भाजलेला असं आहे."

मी म्हटलं, "लाल म्हणजे कच्चा. मला शिकवू नकोस, ते तिच्या मुलापुढे ठेव."

तू ठेवलंस. ताईनं सांगितलं म्हणून ठेवलंस. म्हातारीनं सुरी घातली आणि सगळं लाल पाणी स्पॅगेटीत. तिनं तोंडाला रुमाल लावला. मुलगा उभा राहिला, मग सगळे उभे राहिले, आणि मेणबत्त्या लावलेला केक तसाच टाकून आठही जण निघून गेले. सॅममालक गल्ल्याशी आले, चेहरा बिटासारखा, आणि सगळ्यांपुढे विचारलं की ताटं कोणी चुकवली. तू माझ्याकडे बघितलंस. मी गप्प राहिले.

रविवार

तीन दिवस पत्र ब्रेडच्या डब्याखाली ठेवलं होतं. आज चर्चमधून आले आणि वरची शेवटची ओळ वाचली. आता वाचता येतं हाच त्रास आहे, आपणच लिहिलेलं आपल्याकडे बघत बसतं.

मी गप्प राहिले हे खोटं आहे. तूही तिथे थांबली असशील आणि म्हणाली असशील, बघा, अजून तशीच आहे. ती ओळ मी खोडत नाही, तशीच राहू दे. मी गप्प नव्हते. मी म्हणाले, "मी तिला बरोबर सांगितलं होतं. हिला वाचता येत नाही का?"

हेच शब्द. मी, तुला.

त्या वेळी खरं बोलायचं तर का चुकलं हेही सांगावं लागलं असतं. माझी तीन पोरं लहान, सारोची पाठ धरलेली, आणि नाव काय तर आगाता कधी चुकत नाही. तुझं वय तेवीस, मला वाटलं हिला कुठेही काम मिळेल. हे कारण म्हणून लिहितेय, माफीसाठी नाही. तू एप्रन सोडलास, चार घड्या घातल्यास, गल्ल्यावर ठेवलास आणि मंगळवारी डेन्व्हरच्या बसमध्ये बसलीस. मी त्यानंतर सव्वीस वर्षं तोच एप्रन बांधत होते.

आईच्या मयताला तू आलीस तेव्हा तू माझ्या हातात प्रार्थनेचा कागद दिलास आणि म्हणालीस, ताई, तू थोरली, तू वाच. मी म्हटलं, माझा गळा दाटलाय. तू तोंड फिरवलंस. मला कळलं तुला काय वाटलं ते, की हिला माझ्या हातचा कागदसुद्धा नको. तसं नव्हतं गं.

सारोला सगळं माहीत होतं. दर नाताळला कार्ड लिहिताना पेन वर धरून विचारायचा, आगाता, तेही लिहू का? मी म्हणायची, नको. दुसऱ्याच्या अक्षरात ती गोष्ट पाठवायला लाज वाटायची, आणि माझं अक्षर नव्हतं.

आता आहे. वाढदिवसाच्या त्या संध्याकाळी जीनानं लोप्रेस्तोचं कार्ड कोटाखाली घालून पळवलं होतं. चर्चला जाणारी पोर. पुढच्या सोमवारी तिनं ते माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, हे तुला पाठच आहे, तेव्हा यातूनच सुरू करू. माझं पहिलं पुस्तक म्हणजे सूप आणि सॅलड. दोन हिवाळे लागले. नुन्झिया, जगात केवढं लिहून ठेवलंय गं. साबणाच्या डब्यावर लिहिलंय, बसच्या पाठीवर लिहिलंय, सारोच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीवर त्याचं नाव होतं आणि मला माहीतच नव्हतं. तेराव्या रस्त्यावरून जाताना मी पाट्या मोठ्यानं वाचते, माणसं बघतात, बघू देत. एकोणसत्तराव्या वर्षी मला पहिलीतल्या पोरीसारखी हौस आली आहे. रात्री झोपताना वाटतं, उद्या काय वाचू.

आता शेवटचं. त्या शनिवारी म्हातारीच्या मुलाच्या ताटातली ती लाल काडी मी खिशात टाकली होती. का ते विचारू नकोस. ती माझ्या बटणांच्या डब्यात एकोणचाळीस वर्षं पडून होती. आणि माझं मन किती वाईट ते सांगते, मला इतकी वर्षं आत कुठेतरी वाटायचं की कदाचित नुन्झियाच चुकली असेल, कदाचित त्यावर तसं लिहिलेलंच नसेल. या वसंतात मी डबा टेबलावर उपडा केला, चष्मा लावला, खरा चष्मा, आणि एकेक अक्षर लावून ती काडी वाचली. जीनाला हाक मारली नाही. एकटीनं वाचली.

ती काडी या पाकिटात घातली आहे, कागदात गुंडाळून. गायीचा एक कान तुटलाय, तो माझ्याकडून नाही, आधीपासूनच.

पंचवीस तारखेला मी साडेपाचला दाराकडे तोंड करून बसेन. जीना तुला बसस्टँडवरून आणेल, तिचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय, तिला किती वाजता येतेस ते कळव. कलेजी नाही, पण स्टेकबरोबर स्पॅगेटी अजून देतात. या वेळी कार्ड मी तुला वाचून दाखवीन, सूपपासून थेट शेवटच्या गोडापर्यंत, आणि अडले तर तू सांग, मी ऐकेन. नाही आलीस तरी मी तिथे बसून ते मोठ्यानं वाचणार आहे. वाढणाऱ्या पोरीला सांगून ठेवलंय की दुसरी खुर्ची उचलू नकोस.

काडीवर पूर्ण भाजलेला असंच लिहिलंय. तू बरोबर वाचलं होतंस.

तुझी ताई,
आगाता