दोन वाट्यांचं माप

४ मार्च, सोमवार
बायको तिच्या ताईकडे गेली. विश्रांतीसाठी. मोठी बॅग नेली, पण तिला सामान जरा जास्तच लागतं. मी फक्त विचारलं होतं, दिवसभर घरात तुला काम तरी काय असतं. साधा प्रश्न. रविवारी येईल.
डॉक्टरांनी साखरेमुळे माझा पांढरा भात बंद केलाय. ब्राउन राइस लावला, दोन वाट्या. तिचं माप तेवढंच. बराच उरला.

५ मार्च
उरलेल्याची चिंता नाही. गोदामात साठ्याचं नियोजन करण्यात माझी हयात गेली. भात डब्यात भरला, वर तारीख चिकटवली. जो आधी आला तो आधी जाणार.
आजही दोन वाट्या. ती अचानक आली तर पंचाईत नको.

७ मार्च, संध्याकाळ
फ्रीजमध्ये चार डबे. इंटरनेटवर उरलेल्या भाताचे बावीस प्रकार सापडले. आज कटलेट. तेलात पडताच फुटले. चमच्याने खाता येतात, ही सोयच म्हणायची.

८ मार्च
सोमवारच्या भाताचं सूप. ऑफिसात डबा उघडला तर पॅकिंगचा सुपरवायझर म्हणाला, वहिनी गावाला गेल्या वाटतं. मी म्हटलं, नाही, मला स्वयंपाकाची आवड आहे. म्हणाला, मग आवडीला थोडं मीठ घाला साहेब.

१० मार्च, रविवार
आली नाही. फोन ताईंनी घेतला. ती फिरायला गेलीय म्हणाल्या. आमची बायको कधी फिरायला जात नाही. म्हणजे तब्येत सुधारतेय.

११ मार्च
पोट बिघडलं. भाताचा संबंध नाही. खबरदारी म्हणून जुने डबे टाकून दिले.

१२ मार्च
मुलीचा हॉस्टेलवरून फोन. तिला म्हटलं, इतकी वर्षं आपल्याकडे भात कधी उरला नाही. तुझ्या आईचं माप पक्कं. ती म्हणाली, बाबा, उरायचा. रोज उरायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी आई खायची, ओट्यापाशी उभी राहून. तुम्ही ऑफिसात असायचात.
म्हणजे तिला उरलेला भात आवडतो. हे आधीच कळायला हवं होतं.

१३ मार्च
बायकोशी बोललो. रविवारी जेवायला ये म्हटलं. येते म्हणाली. तिचे काही कागदही न्यायचे आहेत.
मेन्यू ठरला. चार पदार्थ, सगळे उरलेल्या भाताचे. त्यासाठी शनिवारी मुद्दाम जास्त भात लावायचा.

१७ मार्च, रविवार, दुपार
सूप, कटलेट (एकही फुटलं नाही), भरलेल्या सिमला मिरच्या, पुडिंग. टेबलावर धुतलेलं कापड. तिने एकेक झाकण उचलून पाहिलं. विचारलं, यात ताजं काय आहे? मी सांगितलं, काहीच नाही. सगळा कालचा भात. खास तुझ्यासाठी उरवला.
ती बसली. एक कटलेट संपवलं. छान झालंय म्हणाली. मग म्हणाली, अहो, बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी काही रांधलंत, तेही शिळं.
रागाने नाही म्हणाली. मी पुडिंगची वाटी तिच्यापुढे सरकवली.
कागद घेतले. शिलाई मशीन न्यायला गुरुवारी टेम्पो येईल म्हणाली. जुनं झालंय मशीन. दुरुस्तीला नेत असेल.

२१ मार्च, गुरुवार
रजा घेतली. टेम्पो अकराला आला. टेम्पोवाल्याला विचारलं, दुरुस्तीला किती दिवस लागतील? तो म्हणाला, मशीन चालू आहे, वहिनींनी दुकानाचा गाळा घेतलाय तिथे लावायचंय.
फरशीवर मशीनच्या पायांच्या चार खुणा.
फ्रीजमध्ये कालचा थोडा भात होता. ताटात वाढून घ्यावा इतका नव्हता. ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ला. तिथून टेबलाजवळची माझी खुर्ची दिसते. फक्त पाठ.