खांद्यावरच्या हाताचा बंदोबस्त

लिहून ठेवते मी, शेवंताबाई कौतिक बोरसे, वय अंदाजे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी शेती, हल्ली दुखणं सांभाळणे, राहणार पिंप्राळा, जळगाव, ते असे की, मला पित्ताच्या पिशवीचा कॅन्सर आहे आणि तो आता निघण्यातला नाही. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात सारिका लिहिते. औषधाने झोप येते, अक्कल जात नाही; तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दटावलं म्हणून हे करत नाही. मला दटावणारं या घरात अजून जन्मायचं आहे.

१. सोन्याची पोत सारिकाला. पाटा-वरवंटा विहीणबाई लिलाबाईंना. जन्मभर माझ्या वांग्याच्या भरताला तिखट म्हणाल्या, आता स्वतः वाटून बघा.

२. दुखण्याबाबत. डॉक्टरीणबाई तोंडांची चित्रं दाखवतात, हसरं ते रडकं, आणि विचारतात, "आजी, आज कुठलं?" त्यातलं हसरं तोंड आमच्या व्याह्यांचं आहे, ते मी कधी निवडत नाही. गोळी मॉर्फिनची. दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता द्यायची. मध्येच कळ आली तर जास्तीची एक, कागदावर लिहिली आहे तशी. सोबत पोट साफ व्हायचं औषध. मुलगा नवल म्हणतो, सवय लागेल. अरे, मला जगायची सवय चौऱ्याहत्तर वर्षांची, तीच सुटत चालली आहे. त्याच्या भीतीपायी दोनदा गोळीला उशीर झाला. दोन्ही वेळा मी चादर दातांत धरली होती. तो बाहेर उभा होता.

३. आता जे कोणाला सांगितलं नाही ते. अडतीस वर्षांपूर्वी, पारोळ्याकडच्या आमच्या गावी, माझ्या सासूबाई भागाबाई अशाच पिवळ्या पडल्या. अंगाला खाज, आणि उजवा खांदा ठणकायचा. भगत म्हणाला, बाहेरचं आहे, खांद्यावर बसलंय. विळा चुलीत मी तापवला. भगताने डाग दिले तेव्हा त्यांना धरूनही मीच होते. त्या म्हणाल्या, "शेवंता, तू तरी सोड." मी सोडलं नाही. नवव्या दिवशी गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की पिशवी असते उजव्या बरगडीखाली, पण तिच्या आणि खांद्याच्या शिरा एका ठिकाणी मिळतात, म्हणून दुखतं आत आणि कळतं वर. म्हणजे त्यांच्या खांद्याला काहीच झालं नव्हतं. आम्हीच केलं जे केलं.

दिवाळीपासून माझ्या उजव्या खांद्यावर हात येतो. गार, हलका, करंगळी जराशी वाकडी. भागाबाईंची करंगळी वाकडी होती. हात आला की थोड्या वेळाने कळ येते. मला घड्याळ वाचता येत नाही, पण मी सून कोकिळाला हाक मारते, ती घड्याळ बघते, आणि गोळीची वेळ झालेली असते. एकदाही चूक नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, हाताचंही शिरांमुळेच का? त्यांनी गोळ्यांचा कागद पुन्हा वरपासून वाचला.

४. गावच्या घरातला तो विळा नवलने रविवारी आणून माझ्या पलंगाखाली ठेवला आहे. मला दिसत नाही असं त्याला वाटतं. पारोळ्याचा भगत परवा, शनिवारी, येणार आहे.

"माय, एकदा करी देख," तो काल म्हणाला.

"पहिले तुना खांदावर करी देख," मी म्हटलं.

म्हणून अट. पिंप्राळ्याचं दोन खोल्यांचं घर नवलला मिळेल, पण मला डाग दिला नाही, धरलं नाही आणि गोळी एकदाही चुकवली नाही, असं कोकिळाने सांगितलं तरच. नाहीतर घर कोकिळाचं. तिचं सांगणं शेवटचं.

५. विळा लोहाराकडे नेऊन त्याचं उलथणं करून घ्यावं. ते कोकिळाला.

वरील सर्व सारिकाने सर्वांसमक्ष वाचून दाखवलं. नवल ऐकत होता. वाचून झालं तेव्हा माझ्या खांद्यावर हात आला. मी कोणाला हाक मारली नाही. नवल उठला, भगताला फोन करून येऊ नका म्हणाला, मग डबीतून गोळी काढून पाण्यासकट आपल्या हाताने मला दिली आणि उजव्या बाजूला बसायला लागला.

"तठे नको बसू," मी म्हटलं. "जागा शे नही."

त्याने माझ्या उजवीकडच्या जागेकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. तरी तो डाव्या बाजूला येऊन बसला.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: शेवंताबाई कौतिक बोरसे
लेखक: सारिका नवल बोरसे

साक्षीदार:
१. धम्मपाल चिंधा अहिरे, निवृत्त शिक्षक, पिंप्राळा (सही)
२. बेबाबाई अमृत महाजन, शेजारीण, पिंप्राळा (सही)
३. भागाबाई. सर्व ऐकलं. सही येत नव्हती, म्हणून जागा कोरी सोडली आहे. तिथे कोणी काही लिहू नये.

ठिकाण: पिंप्राळा, जळगाव
दिनांक: ९ जानेवारी २०२५, गुरुवार