परत येणारी बाटली

९ मार्च
काय मंडळी, तब्येती कशा? कोणी विचारत नाही, म्हणून मीच विचारून घेतो. आमच्या हिचे गुडघे – जैसे थे, म्हणजे वाईट. माझ्या रक्तातली साखर – भरपूर. चिरंजीव बस चालवतात, त्यांचं डोकं सतत तापलेलं. थोरली लेक सासरी, थंड गावात, मजेत. पंखा धापा टाकतोय. सगळ्यांत ठणठणीत कोण, तर उन्हाळा! यंदा न बोलावता लवकर आला आणि आल्या आल्या पाय पसरून बसला.

१४ मार्च
डेपोत चालकांना व्याख्यान. विषय – उष्णता आणि मानसिक ताण. वक्ते गार गाडीतून उतरले. म्हणे, हवामान बदलतंय, आपणही बदलायला हवं. डोळे मिटा, मनात बर्फाचा डोंगर आणा.
चिरंजीवांनी विचारलं, "साहेब, गुडघ्याशी इंजिन असतं. डोंगर कुठे ठेवू?"
शेवटी प्रत्येकाला एकेक पाण्याची बाटली दिली, फोटो काढून! बाटलीवर छापलंय – 'भरपूर पाणी प्या'. झालं, मिटला प्रश्न.

२ एप्रिल
रात्रीसुद्धा भिंतींना हात लाववत नाही. चिरंजीव नुसते कुशी बदलतात. सकाळी चहा गार झाला म्हणून आईवर खेकसले. मी म्हटलं, "या घरात काहीतरी गार झालं, आनंद मान की!" हसला नाही. पाय सुजलेत त्याचे. "बसून बसून होतं हो, बाबा."
पण पोरगं गुणाचं. रोज संध्याकाळी बाटली काठोकाठ भरलेली आणतो. ही कौतुकाने सांगते, "आपल्या नळाला संध्याकाळी पाणी नसतं, म्हणून डेपोतून भरून आणतो हो!" कोमट असतं. तरी मी चवीने पितो. लेकाने आणलेलं ना!

१७ एप्रिल
सकाळी हिची नजर चुकवून त्याच्या बाटलीत लिंबू पिळलं, मीठ-साखर घातली. बापाची माया. संध्याकाळी पेला तोंडाला लावला – लिंबू!
म्हणजे सकाळचंच पाणी. रोजचंच.
"अरे, घोटभरसुद्धा नाही?"
"प्यायलं की जावं लागतं, बाबा. शेवटच्या थांब्यावर ना संडास, ना आडोसा. मधे गाडी थांबवली तर लोक शिव्या घालतात, उशीर झाला की साहेब."
"कधीपासून चाललंय हे?"
"बस हातात आली तेव्हापासून. सगळेच करतात. पूर्वी निभायचं. आता उन्हाळा संपतच नाही."
वा! आणि मी त्याच्या वाटचं पाणी मिटक्या मारत पीत होतो.

२८ एप्रिल
चिरंजीवांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आधी म्हणाल्या, "ताण घेऊ नका." मग रिपोर्ट वाचला. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ कामातून गेलेली. प्रत्येक उन्हाळ्यात थोडी थोडी. "उन्हाळे लांबले, तसे असे तरुण पेशंट वाढलेत, काका."
आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या, बघून बघून शिकलो. पाण्याशिवाय इंजिन पळवलं की काय होतं, हे मला ठाऊक! डेपोत रोज सकाळी पाणी तपासतातच की. गाडीचं.

५ मे
रक्त मशीनवर धुवायला लागलं. कायमचा उपाय एकच – घरातल्या कोणी आपलं एक मूत्रपिंड द्यायचं.
मी म्हटलं, "माझं काढा."
"तुमची साखर बघता नाही घेता येणार, काका."
हिचा रक्तगट जुळेना. घरी येऊन रडली. "पोटात वाढवला मी, आणि मीच जुळत नाही म्हणजे काय?"
मदतीसाठी केलेल्या अर्जाला डेपोचंही उत्तर आलं. चालकाने सूचनेनुसार पाणी प्यायलं नाही, सबब डेपो जबाबदार नाही. सूचना बाटलीवर स्पष्ट छापली होती. खरंच आहे बुवा!

७ मे
थोरलीला निरोप धाडला. जावयांचं विचारलं नाही, नातवंडांचंही नाही. एवढंच – बाळ, तुझा रक्तगट कोणता? लवकर कळव.