डावीकडची राखण

प्रिय मिझुए,

नववर्षाला तू आलीस तेव्हा गाडीचा परवाना पोलिसांकडे जमा केला असं मी सांगितलं होतं. ते साफ खोटं होतं. गाडी वरच्या गोदामात ताडपत्रीखाली दडवली होती, तुझी पाठ वळताच बाहेर काढली. काय करणार? घाटातली बस बंद झाली आणि तुझ्या आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं, तेही अठ्ठावीस किलोमीटर.

परवाना नव्याने घेताना म्हाताऱ्यांची परीक्षा होते, तीत सोळा चित्रं आठवून लिहायची असतात. तेरा लिहिली, पास झालो. पण पडद्यासमोर बसवून नजर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजोबा, समोरचं तुम्हाला झकास दिसतं, कडेचं मात्र लक्षातच येत नाही." मला राग आला. आईने मनावर घेतलं. त्या दिवसापासून शेजारच्या सीटवर बसून ती डाव्या बाजूची राखण करायची. "अहो, सायकल. दिसली का, की समोर आणून उभी करू?" वर्षभर आम्ही दोघं मिळून एक ड्रायव्हर होतो. खरं सांगतो, मला ते आवडायचं.

चौदा तारखेला दवाखान्यातून परतताना तिला डुलकी लागली. दमली होती, मी उठवलं नाही. तांदूळ सडायच्या यंत्रापाशी हिरव्या दिव्यावर डावीकडे वळलो. शेजारच्या किनुएबाई हातगाडी ढकलत रस्ता ओलांडत होत्या. भर दुपार, लख्ख ऊन, अंगात लाल स्वेटर. मी तिकडे पाहिलं होतं, मिझुए. पाहिलं, आणि त्या मला दिसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. आम्ही काळे कपडे घालून माफी मागायला गेलो. त्यांच्या मुलाने दार उघडलं, आम्हाला वाकलेलं पाहिलं आणि दार लावून घेतलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. त्या दिवसापासून आई डायलिसिसला गेलेली नाही. दारात बोलावलेली टॅक्सी तिने परत पाठवली. म्हणते, "तुमची नजर माझ्या हवाली होती आणि मी झोपले. माझ्या जिवापायी एक बाई गेली. आता पुरे." पाय सुजलेत, धाप लागते. डॉक्टर म्हणाले, फार तर आठवडा. तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे आणि फोन उशाशी घेऊन झोपते, म्हणून हे टपालाने. ती तुझं ऐकेल असं मला वाटत नाही. तरी तिला पाहायला ये. स्टेशनवर तुला न्यायला मी येऊ शकणार नाही.

तुझाच,
बाबा