सात विहिरी

येडशी,
१२ जानेवारी २०२५

विठाबाई, तुला अक्काचा पोटभर आशीर्वाद.

इकडं समदे खुशाल. तूर काढून झाली, माझे गुडघे तेवढे रुसलेत. पत्र माझी नात शिवकन्या लिहितीय. मी चार वाक्यं बोलले की ही दोन लिहिती. बाकीची कुठं जातात देव जाणे. लिहून झालं की फोटो काढून तुझ्या सुनेच्या मोबाइलवर पाठवणार हाय. फोनवर तू मला बोलू देत न्हाईस, म्हणून ही सोय. दैवशाला, मोठ्यानं वाच गं. सासू मधी बोलली तरी थांबू नको.

तुझ्या नातीला, राजनंदिनीला कुत्रं चावून चार दिवस झाले. पहिली सुई दिली, ब्येस केलं. दुसरीची तारीख काल गेली. आणि कालच तू म्हणलीस, "पोरगी सुईला लई भेती, अक्का. सात विहिरीत तोंड दाखवून आणलं, आता कुत्र्याचं इख चढायचं न्हाई, जखम भरतीय. तुझ्या उत्तरेश्वराची बी अशीच भरली होती की!"

भरली होती. व्हय.

उन्हाळ्यात मला मांजरानं बोचकारलं. मी नळाखाली बसून पंधरा मिनिटं साबणानं हात धुतला, मग दवाखान्यात सांगितलेल्या चारी तारखांना गेले. नर्सबाईनं लेकरांना चॉकलेट दिलं, मला न्हाई, एवढीच तक्रार. तू हसलीस, म्हातारीला जिवाची लई हाव म्हणून. हाव न्हाई, विठे. मी बघितलं होतं.

उत्तरेश्वर तापानं गेला असं मी सगळ्यांना सांगितलं. तसं नव्हतं. जखम भरली, महिना गेला, आणि मग लेकरू तहानेनं तळमळायचं अन् तांब्या पुढं केला की किंचाळायचं. सात विहिरींचं पाणी दाखवून आणलेलं माझं लेकरू.

शिवकन्या थांबलीय. लिही गं, थांबू नको.

विहिरींचा हट्ट माझ्या सासूचा, असंही मी सांगत आले. सासू तर म्हणत होती, "आत्ताच्या आत्ता धाराशिवच्या दवाखान्यात न्हे." तेव्हा पोटात चौदा सुया द्यायचे. त्याचं रडणं माझ्यानं बघवलं नसतं, म्हणून हट्ट मी केला. ती गेल्यावर सगळं तिच्यावर ढकलून चाळीस वर्षं मोकळी राहिले. आणि तू माझ्यावर भरवसा ठेवून नातीला विहिरीवर नेलंस.

आता दहाच्या गाडीनं निघते. तुमच्या येरमाळ्याच्या सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसते. पोरीला घेऊन ये. राहिलेल्या तारखांना कॅलेंडरवर गोल कर, एकही चुकवायची न्हाई. मला शिव्या द्यायच्या असतील तर सुई झाल्यावर दे, ऐकून घेईन.

रडली तर रडू दे. मी धरते तिला. ते रडणं मला ऐकायचंय.

खालचा अंगठा माझाच,
उत्तरेश्वराची आई